बुजवलेल्या खिडकीतलं बाक

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली, तर क्षिप्राची हरकत नाही. तिलाही ती खोटीच ठरायला हवी होती.

पण हे घडलंय. गेल्या वर्षी, जुलैतल्या एका शनिवारी, भर दुपारी. सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या तिच्या फ्लॅटमध्ये.

फ्रान्समधल्या एका खेड्यात जुन्या जमीनदाराचं दगडी घर आहे. चारशे वर्षांचं. उतरतं स्लेटचं छप्पर, कोपऱ्यात गोल बुरूज, बुरुजात गरगरत वर जाणारा जिना. त्याची दुरुस्ती निघाली, म्हणून क्षिप्राचा नवरा प्रबोध मोजमापं घ्यायला गेला. दोघंही सिंगापूरमधल्या तांजोंग पगार भागातल्या एकाच ऑफिसात आर्किटेक्ट.

काम संपवून परतताना त्याच्या गाडीला अपघात झाला.

प्रबोध आला नाही. त्याचा लेझर स्कॅनर आला.

हा स्कॅनर खोलीच्या मधोमध ठेवतात. तो फिरत फिरत भिंती टिपतो. तेवढा वेळ माणसाने लपायचं असतं. नाहीतर तोही उमटतो, धुरकट. आणि त्याच्या मागे लेझर पोचत नाही, म्हणून तिथे काळं भोक राहतं.

ऑफिसात अशा आकृत्यांना भुतंच म्हणतात. ती पुसण्याचं काम क्षिप्राचं.

प्रबोध हमखास सापडायचा. लहान मुलंसुद्धा तुझ्यापेक्षा बरी लपतात, असं ती चिडवायची.

त्याचं उत्तर ठरलेलं. "तू पुसतेस म्हणून येतो."

या वेळी साधनाताईंनी, म्हणजे त्यांच्या बॉसनी, हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरवलं होतं. क्षिप्रा ऐकेना.

"माझ्या नवऱ्याला मीच पुसेन."

त्या शनिवारी ती घरीच स्कॅन उघडून बसली. आधी त्या दगडी घराचं स्वयंपाकघर. माणूस उभा मावेल एवढ्या चुलाण्याशेजारी त्याचा खांदा. पुसला. मागे काळं भोक.

दिवाणखाना. ओकच्या तुळयांखाली अर्धी पाठ. पुसली. काळं भोक.

मग वरची खोली...

फ्रान्समध्ये एकेकाळी खिडक्यांवर कर होता. तो वाचवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या. इथलीही बुजवलेली. पण तिच्या कोनाड्यातली समोरासमोरची दोन दगडी बाकं तशीच होती. प्रबोध फोनवर म्हणाला होता, दोघांनी बसायची जागा आहे गं, पुढच्या वेळी तू चल.

त्यातल्या एका बाकावर प्रबोध बसला होता.

धुरकट नाही... स्पष्ट. चष्मा. दुमडलेल्या बाह्या. समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत.

बाहेर पाऊस कोसळत होता. एकाएकी त्याचा आवाज बंद झाला... खिडकीबाहेर धारा मात्र दिसत होत्या.

स्कॅनवरून केलेलं घराचं मॉडेल संध्याकाळी पाठवायचं होतं. क्षिप्राने डोळे मिटले आणि कळ दाबली.

टेबलापलीकडची खुर्ची सरकल्याचा आवाज आला... कुणी उठल्यासारखा.

तिने डोळे उघडले. खुर्ची जागच्या जागी. पाऊस पुन्हा ऐकू येत होता. स्क्रीनवर बाक रिकामं.

आणि त्याच्या मागे...

काळं भोक नव्हतं.

भिंतीचा दगड न् दगड उमटलेला. म्हणजे स्कॅनर फिरला, तेव्हा त्या बाकावर कुणीच बसलेलं नव्हतं.

तिने घाईघाईने अनडू केलं. बाक रिकामंच. स्कॅनरच्या कार्डावरची मूळ फाइल उघडली. तिथेही रिकामंच.

साधनाताईंचा फोन आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो भेटायला आला होता, ताई. मी त्याला पुसलं."

टेबलापलीकडच्या खुर्चीवर ती आता कुणाला बसू देत नाही. काम मात्र तेच करते. कुठल्याही घराचं स्कॅन असो, आकृती दिसली की पुसण्याआधी मॉडेल फिरवते आणि तिच्या मागे बघते.

अजून तरी सगळ्यांच्या मागे काळंच निघालंय.