दोघांना पुरेल एवढी हवा

हवेच्या दाबाचा काटा सलग उतरत नव्हता. किंचित उतरायचा, थांबायचा, पुन्हा उतरायचा.

कॉम्प्रेसरची मोटर बंद होती, टाकी भरलेली होती. स्प्रे गनची झडप मी स्वतः बंद केली होती. गळती असती तर काटा एकसारखा घसरला असता. निसटणारी हवा मध्येच थांबत नाही. तरी मी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही.

"सापडली का गळती, प्रोफेसरबाई?" भावजींनी दारातूनच विचारलं. ताई गेल्यापासून ते पॉलिशच्या खोलीत सहसा पाऊल टाकत नसत.

"बघतेय."

"आठवडाभर बघतेच आहेस. तिकडे गिऱ्हाईक टेबलासाठी माझा जीव खातंय. हवा पुरेल की नाही, एवढं एक सांग. बाकी तुझं शास्त्र तुझ्यापाशी."

हवा पुरते का, हा प्रश्न या खोलीत पहिल्यांदा मीच विचारला होता. तेव्हा गनवर ताई होती, आणि कॉम्प्रेसर छोटा होता. गनला मिनिटाला बारा घनफूट हवा लागते; तो जेमतेम तेवढीच द्यायचा. त्याच नळीला फाटा काढून भावजींनी ताईचा मास्क जोडला होता. गनचा ट्रिगर दाबला की मास्ककडे हवा उरायची नाही. आणि लॅकरचा हात अर्ध्यावर सोडता येत नाही, सुकल्यावर सांधा दिसतो. ताईने कधी सांधा दिसू दिला नाही.

मी भावजींना सगळं समजावून सांगितलं होतं. ते हसले होते.

"अगं, तुझ्या ताईचा श्वास तो केवढा! चिमणीएवढा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती याच फरशीवर सापडली. मास्क बाजूला पडलेला होता. "काढायची खोडच होती तिला," असं भावजी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले. तेरावा उरकला आणि त्यांनी मोठा कॉम्प्रेसर आणला.

हा आधीच्या दुप्पट हवा देतो. गन आणि मास्क, दोन्हींना पुरून उरेल इतकी. तरीही गन थुंकायला लागली. फळ्यांवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे उठू लागले. एक पॉलिशवाला न सांगता निघून गेला. दुसरा म्हणाला, ट्रिगर दाबला की मास्क तोंडाला चिकटून बसतो, सोडत नाही. मास्कच्या पट्ट्याचं बक्कल उघडलं नाही, पट्टा कापावा लागला.

"कामचुकारांना निमित्त लागतं," भावजी म्हणाले होते. पट्टा त्यांनी नवीन बसवला. मास्क तोच ठेवला.

मी मास्कच्या फाट्याची झडप बंद केली. काटा थांबला. झडप उघडली. काटा उतरू लागला, आणि खुंटीवरून आवाज आला. टिक.

मास्क तिथे रिकामा लटकत होता. त्याच्या नाकाडात एक छोटी झडप असते. घालणाऱ्याने श्वास ओढला तरच ती उघडते.

टिक. टिक. मग एक लांबलेली फुसफुस.

दोन आखूड, एक लांब. लहानपणी आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो. ताईला दमा होता. तिच्या छातीची ही लय ऐकतच मला झोप लागायची.

मास्कची काच आतून धुरकटली होती. मी बोटाने पुसली. ती पुन्हा धुरकटली.

हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आत जाऊ नका, एवढंच भावजींना सांगायचं होतं. ते रोज जिभेवर यायचं, आणि रोज मी "उद्या सांगते" म्हणून घरी जायचे.

आज ते आत आले. हाताखाली कुणी उरलं नव्हतं, लॅकरचा हात त्यांनाच मारायचा होता. धूळ बसावी म्हणून त्यांनी फरशीवर पाणी शिंपडलं, खिडकी लावून घेतली.

टिकटिक भरभर होऊ लागली.

"कसला गं आवाज?"

"झडपेचा."

"बिघडलीय?"

"नाही. चांगली चालतेय."

त्यांनी गन उचलली, नोझल बोटाने चाचपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला काही होणार नाही ना? तुझी ताई नाजूक होती. माझं तसं नाही म्हणा. माझा श्वास दांडगा."

टिकटिक थांबली.

काटाही थांबला. कुणीतरी श्वास रोखून ऐकत असावं, तसा.

"गळती कुठेच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे दोघांना पुरेल? गनला आणि मला?"

मी मास्क खुंटीवरून काढला. आतलं रबर कोमट होतं.

"पुरेल, भावजी," मी म्हणाले. "घाला."