न वाजवलेली घंटी

बंदरावर रंगीत कारंजी उडवायला तुमच्याकडे पैसा आहे, साहेब. आमच्या वस्तीतली माणसं जिथे चार घटका हसतात, त्या समाजघराची वेळ आली की मात्र तुमची तिजोरी रिकामी! ही चोरी आहे. तुम्ही तिला अंदाजपत्रक म्हणता, एवढाच फरक.

हेच तोंडावर सांगायला लुपे नगरपालिकेच्या पायऱ्या चढली. समुद्रावरच्या वाऱ्यानं छत्री उलटी केली आणि तिच्यातलं सगळं पाणी दारातल्या तरुणाच्या कोटावर!

"अगं बाई, मी अंघोळ करून आलोय!"

"मग खांबासारखा दारात कशाला उभा राहतोस?"

"नोकरी आहे ती. मी सेफो, घंटी वाजवणारा." तो हसला, गालाला खळी पडली. "सुनावणीत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, मग घंटी. माझ्यावर रागवायचं नाही हं."

नाव तिच्यासारखंच सामोआ बेटांवरचं; या परक्या शहरात बोलणं घरचं. लुपेला बरं वाटलं.

वडील गेल्यापासून तिची आई भिंतीकडे तोंड करून बसायची. समाजघरात चटया विणणाऱ्या बायकांनी तिला ओढून नेलं, तेव्हा कुठे ती माणसांत आली. गोळ्यांनी नाही, बायकांच्या चेष्टेनं. आता नगरपालिकेला त्याच घराचा खर्च छाटायचा होता.

लुपे बोलायला उभी राहिली. आधी या भूमीच्या मूळ लोकांना वंदन, मग सभेतल्या वडीलधाऱ्यांना, मग मागे बसलेल्या मावश्यांना, त्यांच्या गावांना... कुणाला वगळायचं? ती आईच्या नावाशी पोचली आणि — टण्!

"धन्यवाद. पुढचे," अध्यक्ष म्हणाले.

ती तणतणत बाहेर पडली. मागोमाग सेफो, हातात नारळाच्या दुधातला गरम पाव.

"घे. लाच आहे."

"आपल्या आजीचं बोलणं असं तोडलं असतंस?"

"आजीनं माझा कान तोडला असता..." तो ओशाळला. "पुढच्या आठवड्यात तुमच्या वस्तीतल्या ग्रंथालयात दुसरी सुनावणी आहे. ये. फक्त नमस्कार जरा आवर."

"नमस्कार न करता घरात शिरतो तो चोर."

"मग माझा नमस्कार आत्ताच करून टाक. तेवढाच वेळ वाचेल."

हसायचं नव्हतं, तरी ती हसली.

मग रोज संध्याकाळी बसथांब्यावर तो तिचं भाषण ऐकायचा. "इथे थांब... इथे आवाज चढव... आणि माझ्याकडे बघू नकोस, मी मोजायचं विसरतो." एकदा त्यानं जास्वंद आणली. तिनं ती डाव्या कानामागे खोचली — मन गुंतलेल्या बाईनं खोचावी तशी. सेफोची बस त्या दिवशी चुकली. त्यानं चुकवली.

ग्रंथालयात लुपेनं एकही नमस्कार गाळला नाही. तीन मिनिटं सरली. सेफोनं घंटीवर तळवा ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. ती बोलत गेली — भिंतीबद्दल, आईबद्दल. शेवटी मावश्यांनी उभं राहून गाणं धरलं. अध्यक्षांनी डोळेही पुसले.

बाहेर भुरभुर पाऊस होता.

"वाजवली नाहीस..." तिला अजून धाप लागत होती. "तुझी नोकरी गेली तर?"

"नाही जाणार." तो बुटांकडे बघत होता. "लुपे, अंदाजपत्रकाचे आकडे उन्हाळ्यातच ठरलेत. समाजघर त्यांत नाही. सुनावणी कायद्यानं घ्यावी लागते, म्हणून घेतात. तू कितीही बोललीस तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"आणि रोज माझ्याकडून भाषण घोटून घेत होतास?"

"तू भेटायचीस ना... आवडतेस मला. खरंच, लुपे."

"तूही आवडतोस. तेच तर वाईट झालं."

तिनं त्याचं मनगट धरलं, त्याला खिडकीशी ओढलं. आत आई मावश्यांच्या गळ्यात पडून हसत होती.

"बघ तिला. तिला वाटतंय, आपण जिंकलो. साहेब तर गाडीत बसून गेले. तू आहेस ना? चल आत. त्यांच्या वतीनं तूच सांग — कुलूप लागल्यावर ही बाई जाईल कुठे?"

सेफोनं मान खाली घातली.

"मान खाली घालू नकोस. मला उत्तर हवंय, सेफो. कुठे जाईल ती?"