उशीवरचा पाहुणा

“अहो, कोपर! तुमचं कोपर माझ्या पाकिटावर आलंय!”

ती एवढ्या जोरात ओरडली, की छपाईच्या दुकानात काउंटरला टेकून उभा असलेला तो माणूस दचकून मागेच सरला. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, आणि वंगणाने काळेकुट्ट झालेले दोन्ही हात शरण आल्यासारखे वर धरलेले.

“माफ करा. लिफ्ट दुरुस्त करून तसाच आलोय. हात कुठे लावता येत नाहीत, म्हणून कोपरावर उभा होतो.”

“माणसं पायावर उभी राहतात.”

“ते आज दमलेत,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. तिला हसू आलं, पण तिने ते गालातच दाबलं. अनोळखी माणसाच्या पहिल्याच विनोदाला हसायचं म्हणजे फारच झालं.

दुकानदार काकांनी तिच्या पाकिटाशेजारी त्याचंही तसंच तपकिरी पाकीट ठेवलं आणि बोट उगारलं. “दोघांनाही एकदाच सांगतो. फोटो छापलेल्या बाजूला बोट लावायचं नाही. पाकिटातून काढला की कागद तसाच उपडा कापडावर. इस्त्री कडक, वाफ बंद. पूर्ण गार झाला की मगच सोलायचा. घाई केलीत, तर नाक कागदालाच राहील.”

“तुम्हीसुद्धा उशीच करताय?” तिने न राहवून विचारलं.

“आईसाठी. तुम्ही?”

“ताईसाठी. ती कायमची परगावी चाललीय. म्हटलं, आमचा दोघींचा फोटो असलेली उशी देऊ... तिथे डोकं टेकायला.”

त्याने मान हलवली. मग खांद्यावरची पिशवी पुढे करून म्हणाला, “एवढं पाकीट आत सरकवाल? माझ्या हातांचं काय झालंय बघताय ना...”

तिने पाकीट सरकवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं — अगदी क्षणभरच, पण त्या क्षणात तिला आपल्या केसांची आठवण झाली, दुपट्ट्याची झाली. फक्त कोणतं पाकीट कुणाचं, हे बघायची आठवण तेवढी झाली नाही.

ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर होती. दिवसभर मेणाचे दात कोरायचे, एकाला दुसऱ्याशी जुळवायचं. हात असा सरावलेला, की सूचना पाळणं अंगात मुरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पांढऱ्या कापडाचा अभ्रा ओट्यावर पसरला, कागद डोळे जवळजवळ मिटूनच पाकिटातून ओढला, उपडा घातला आणि इस्त्री दाबली. ताई जेवायला येणार होती. आई दारात कंबरेवर हात ठेवून उभी.

“ठमे, करपेल ते.”

“आई, बोलू नकोस, नाक राहील.”

गार झालेल्या कागदाचा कोपरा तिने नखाने उचलला आणि हळूहळू सोलत गेली. आधी एक कान आला. ताईचा कान एवढा मोठा? मग साबणाचा फेस आला. मग मिशी!

ती किंचाळलीच.

अभ्र्यावरून एक पन्नाशीचा गृहस्थ तिच्याकडे बघून हसत होता. अंगात बनियन, अर्ध्या गालाला फेस, अर्धी दाढी झालेली, आणि पुढच्या दोन दातांत चांगली दार उघडल्यासारखी फट.

“अगंबाई! हे कोण?” आईने पदर तोंडाला लावला.

“मला काय माहीत!”

“तू इस्त्री केलीस आणि तुला माहीत नाही?”

बाबा धावत आले, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “निदान दाढी पूर्ण करून यायचं होतं.” तेवढ्यात ताई आली. तिला आधी काही कळेना, मग कळलं, आणि ती हसून हसून खालीच बसली. जेवणं होईपर्यंत त्या गृहस्थांचं घरात बारसंही झालं — ‘पाहुणे’. अभ्र्यात कापूस भरून पाहुण्यांना दिवाणखान्यात बसवलं. दुपारी बाबांनी पाय लांब केले आणि पाहुण्यांवर टाकले.

दारावरची घंटा वाजली ती तेव्हाच.

तिने दार उघडलं. समोर लिफ्टवाला. हात आज स्वच्छ, केस नीट विंचरलेले, हातात ते तपकिरी पाकीट, उघडलेलं, रिकामं.

“दुकानदार काकांच्या घरी गेलो, तुमचा पत्ता मागितला,” तो म्हणाला. “बहुतेक आपली पाकिटं...” आणि तो ओशाळून हसला. पहिल्यांदाच मोकळेपणी हसला.

पुढच्या दोन दातांत फट.

रोज दुसऱ्यांचे दात हाताळणाऱ्या मुलीला ही फट कुणाच्या घरची, हे सांगायला कुणी लागत नाही. तिला दार लोटून घ्यावंसं वाटलं, पण उशीर झाला होता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली — सोफ्यावर, उशीवर, उशीवरच्या पायांवर.

त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

“ते... माझे बाबा आहेत,” तो म्हणाला. “गेले. मागच्या वर्षी.”

चटका बसावा तसे बाबांनी पाय ओढून घेतले. आई भिंतीला टेकली. सकाळपासून ज्या चेहऱ्यावर सगळं घर खिदळलं होतं, तो चेहरा तसाच हसत होता, आणि ते हसणं आता बघवत नव्हतं.

“आम्हाला खरंच...” तिने दार पूर्ण उघडलं. “आम्ही हसलो त्यांना. खूप हसलो.”

त्याने उशीकडे पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाला, “ते असते तर सगळ्यांत जास्त तेच हसले असते.”

तिने उशी उचलली, दोन्ही हातांनी झटकली, पुसली, पुन्हा पुसली. “ही घ्या. आणि माझी?”

“तीच तर अडचण आहे.” तो अजून उंबऱ्याबाहेरच होता. “ती आई देत नाहीये.”

“म्हणजे?”

“मी काल घरी जाऊन कागद उलटला. बघतो तर तुम्ही. ताई तुमचा कान ओढतेय आणि तुमची जीभ ही एवढी बाहेर. मला हसू आवरेना. आई आत इस्त्री करत होती, ती बाहेर आली. मला असं हसताना तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं. ‘कोण रे ही जीभवाली?’ म्हणाली. मी काही बोलायच्या आत, ‘उशीवर लावायचंय होय, तुला जमणार नाही’ म्हणत तिने स्वतःच लावून टाकलं. आता उशी मांडीवरून खाली ठेवत नाही. सुनेचं तोंड पाहिल्यासारखी बघत बसते.”

“सुनेचं?” ती, आई आणि ताई एकदमच ओरडल्या.

“तुम्ही खरं सांगितलं नाहीत?” तिने विचारलं. कानशिलं तापली होती.

“सांगणार होतो. पण ती गुणगुणत होती... धीर झाला नाही.”

ती तशीच चपला घालून निघाली. हे आपणच निस्तरायचं. पाकीट सरकवलं होतं आपणच. रस्ताभर उशी छातीशी धरून ती त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती.

“राग आलाय?” मागून आवाज.

“तुमचा नाही. माझ्या जिभेचा.”

“छान आहे की...”

ती गर्रकन वळली. तो लगेच आकाशाकडे बघायला लागला. “हवा. हवा छान आहे, म्हटलं.”

तिसऱ्या मजल्यावरचं घर लहानसं, लख्ख. खिडकीशी बसलेल्या बाईंनी तिला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. “अगोबाई, आज जीभ आत आहे वाटतं!”

तिला रडू येईलसं झालं. एका दमात तिने सगळं सांगून टाकलं — “काकू, चूक झाली. पाकिटं माझ्याच हातून बदलली. यांची-माझी ओळखसुद्धा नाही. तुमच्यासाठी ही होती.” आणि उशी पुढे केली.

काकूंनी ती घेतली. बघितली.

किती तरी वेळ त्या नुसत्या फेसावरून बोट फिरवत राहिल्या. “हा फोटो मी काढला होता,” शेवटी त्या म्हणाल्या. “लिफ्टमध्ये कुणी अडकलंय म्हणून फोन आला, आणि हे अर्ध्या दाढीनिशी निघाले. म्हटलं, थांबा, या अवताराचा फोटो काढते...” डोळे भरून आले, पण ओठ हसत होते. दोन्ही उशा मांडीवर घेऊन त्यांनी आळीपाळीने दोन्ही फोटोंकडे पाहिलं, मग मुलाकडे वळल्या.

“छपाईत चूक झाली, हे कळलं मला. पण काल तू हसत होतास, ते चुकून होतं का रे?”

तो उभ्या जागी लालबुंद झाला. काकू उठल्या, “चहा टाकते,” म्हणाल्या आणि आत जाताना दार लोटून गेल्या.

खोलीत दोघंच. आत भांडं वाजलं.

“आईने ‘कोण ही’ विचारलं ना,” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “नंतर तरी ‘कुणी नाही’ म्हणता आलं असतं. धीर झाला नाही, हे मी तुम्हाला अर्धंच सांगितलं.”

“मग... का नाही म्हणालात?”

“खोटं बोलावं लागलं असतं.” त्याने मान वर केली. “दुकानातून निघाल्यापासून तुम्ही ‘कुणी नाही’ राहिलाच नव्हता.”

एका दिवसात किती धक्के सोसायचे माणसाने! आणि या शेवटच्या धक्क्याचं सगळ्यांत मोठं नवल हे, की तो तिला बसलाच नाही; आतून कुणीतरी ‘हेच, हेच ऐकायचं होतं’ म्हणत होतं.

“हे बघा,” ती कशीबशी म्हणाली, “मी हो म्हणाले, असं काही समजू नका.”

“नाही समजत,” तो चटकन म्हणाला.

ती दाराकडे वळली. थांबली. आतून चहाचा वास आला, आणि तिने वळून न बघताच, अगदी हळू आवाजात म्हटलं —

“समजा... थोडंसं.”