मालकांची पाठ

हेलिकॉप्टरमधून पर्यटक उतरले आणि शहाण्या मुलांसारखे लाकडी पायवाटेवर ओळीनं उभे राहिले. सर्वांत शेवटी एक उंच, चष्मेवाला माणूस उतरला. त्यानं आकाशाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, आणि पायवाट सोडून सरळ चिखलात पाय टाकला.

उल्यानानं शिट्टी फुंकली. "अहो चष्मेवाले, जागचे हलू नका."

हलायला जमतच नव्हतं. गरम मातीनं त्याचा डावा बूट घोट्यापर्यंत गिळला होता.

"भाजतंय का?" तिनं धावत येऊन विचारलं.

"अजून नाही. कोमट आहे. साधारण..." त्यानं खिशातून तापमापक काढला आणि वाकून चिखलात खुपसला.

"आधी पाय काढा. मातीचा ताप नंतर बघा."

तिनं त्याला दंडाला धरून ओढलं. पाय आला, बूट राहिला. लाल मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर डोकावत होता. पर्यटकांनी फोटो काढले. उल्याना कामचात्कातल्या या दरीची वनरक्षक होती आणि असले पराक्रम तिनं पुष्कळ पाहिले होते, तरी अंगठ्याकडे बघून तिला ओठ चावावा लागला.

"इथली जमीन वरून घट्ट दिसते आणि खाली उकळत असते," ती शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाली. "उतरण्याआधी सूचना वाचून दाखवतात. ऐकली नाहीत?"

"ऐकली," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. "म्हणजे... मीच लिहिली आहे ती. तिखोन ल्वोविच. ज्वालामुखी संस्थेतून आलोय."

चौकीवर न्यूरा मावशींनी त्याला आपले जुने रबरी बूट दिले. मावशी चौकीच्या स्वयंपाकीण. बूट त्यांच्या मापाचे, म्हणजे त्याच्या टाचा बाहेर. तशाच अवतारात बसून, आटवलेल्या दुधाचा चहा पीत त्यानं येण्याचं कारण सांगितलं, आणि उल्यानाचं हसू मावळलं.

वरच्या उतारावर संस्थेनं एक भूकंपमापक पुरला होता. गेले काही दिवस तो रोज दुपारी थरथरत होता. आधी हळू, मग जोरात, मग शांत. आजूबाजूच्या दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर त्याचा मागमूस नव्हता.

"म्हणजे जे काही आहे ते इथंच आहे, अगदी वरवर," तिखोन म्हणाला. "डोंगराच्या पोटात काही हलत असेल, तर दरी बंद करावी लागेल. माणसं हलवावी लागतील."

"आणि आम्ही?"

"शहरातल्या कचेरीत काहीतरी काम देतील."

उल्यानानं कप खाली ठेवला. कचेरीत खिडकी होती, खिडकीतून वाहनतळ दिसत होता, आणि दिवसभर परवान्यांवर शिक्के मारायचे होते. एक हिवाळा तिनं ते केलं होतं. "उकळत्या पाण्याची कारंजी नेहमीसारखी उडताहेत," ती म्हणाली. "मी रोज बघते. डोंगराला काही झालेलं नाही. तुमचं यंत्र हेलिकॉप्टरच्या आवाजानं थरथरत असेल."

"हेलिकॉप्टर सकाळी येतं, उल्याना मात्वेयेव्ना."

"मग मावशींच्या जनरेटरनं."

"माझ्या जनरेटरचं नाव घ्यायचं नाही," मावशी चुलीपाशून म्हणाल्या.

तो एका दिवसासाठी आला होता. पर्यटकांना घेऊन हेलिकॉप्टर परतलं आणि मागोमाग धुकं उतरलं. असं उतरलं की स्वयंपाकघरातून संडास दिसेना. त्याला संध्याकाळी न्यायचं हेलिकॉप्टर आलं नाही, दुसऱ्या दिवशीचंही नाही. वरच्या उताराची वाट धरणं शक्यच नव्हतं.

मग करणार काय? उल्याना नेहमीप्रमाणे कारंज्यांच्या वेळा घ्यायला निघाली, आणि तो ओहोळांमध्ये तापमापक बुडवत तिच्या मागे. न्यूरा मावशींचे बूट पायवाटेवर फटक-फटक वाजत. वाफेनं त्याचा चष्मा सारखा धुकटून जाई आणि तो दर दहा पावलांवर उल्यानाला धडकून माफी मागे.

"मी इकडे आहे. ती वाफ आहे," ती म्हणायची. "तुम्ही तिची माफी मागताय."

"तीही कुणीतरी आहेच की."

शेगडी नावाचं कारंजं तिचं लाडकं. त्याच्यापुढच्या फळीवर बसून दोघं वाट बघत. बाजूला गंधकाचा वास, खाली जमिनीची गुरगुर, अंगावर भुरभुर पाऊस. शेगडी एकदा बुडबुडायची, थांबायची, विचार करायची.

"आता उडेल," तो म्हणायचा.

"नाही उडणार. नखरे करतेय."

"तुम्हाला कसं कळतं?"

"मलाही नाही कळत. तुमचं चुकावं असं वाटतं म्हणून म्हणते."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा पुन्हा धुकटला, आणि तिनं – का कोण जाणे – तो त्याच्या नाकावरून अलगद काढून आपल्या रुमालानं पुसला. बिनचष्म्याचा तिखोन कुणीतरी निराळाच होता... डोळे राखाडी, आश्चर्यानं उघडे. तिनं चष्मा परत त्याच्या नाकावर ठेवला तेव्हा तो तिच्याकडे असा बघत राहिला, की शेगडी उडून गेली तरी दोघांपैकी कुणीही घड्याळ दाबलं नाही.

त्या दिवशीची नोंद चुकली. उल्याना घरी येऊन केटलीवर चिडली.

"उल्याना मात्वेयेव्ना, गाबोळी हवी का?" जेवताना त्यानं धिरडी आणि माशांच्या अंड्यांची वाटी पुढे केली.

"तोंड दुखत नाही का रे, बापाच्या नावासकट एवढं लांब नाव घेताना?" न्यूरा मावशींनी विचारलं.

"आदर आहे, मावशी."

"आदर काय चहात बुडवून खायचाय?"

दोघांनीही थाळीत बघून जेवण संपवलं.

धुकं जरा विरळ झालं त्या सकाळी दोघं वरच्या उताराला लागली. यंत्र जमिनीत पुरलेलं होतं. बाहेर दिसत होता तो अँटेनाचा लाकडी खांब. जवळच्या झुडपांआड बसून तिखोननं मांडीवर संगणक उघडला. पडद्यावर सरळ रेघ धावत होती. उल्यानाच्या हातात भडक्या होती, अस्वल अंगावर आलं तर पेटवायची ज्वाळेची नळी. ही रेघ वाकडी झाली की तिची दरी गेली.

दुपार झाली. रेघ किंचित थरथरली.

"आली," तो कुजबुजला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "उल्याना मात्वेयेव्ना, मला खरंच वाईट..."

"हलू नकोस," उल्याना म्हणाली.

धुक्यातून मालक येत होते. या भागात अस्वलाला मालकच म्हणतात, आणि हे तर दरीतले सर्वांत थोरले. डुलत डुलत ते खांबापाशी आले, खांब हुंगला, प्रेमानं एकदा चाटला. मग पाठ फिरवून मागच्या पायांवर उभे राहिले आणि पाठ घासू लागले. आधी हळू. रेघ हळू नाचली. मग जोरात. रेघ पडद्याबाहेर गेली. मालकांचे डोळे मिटलेले, जीभ बाहेर, चेहऱ्यावर असा काही आनंद, की बघणाऱ्याला संकोच वाटावा.

"हाच," तिखोन क्षीण आवाजात म्हणाला. "हाच तो ज्वालामुखी."

उल्यानाला हसू आलं. तिनं रुमाल तोंडात कोंबला. तिखोनचे खांदे हलायला लागले. तिनं त्याचा हात घट्ट धरला, तो गप्प बसावा म्हणून. पण हसू हातातून हातात जात राहिलं. मालकांनी एक डोळा उघडून झुडपांकडे तुच्छतेनं पाहिलं, उरलेली पाठ सावकाश पुरी केली आणि निघून गेले.

कितीतरी वेळानं तिखोननं खांबाला बोट लावून नाकाशी नेलं. "डांबर आहे. अस्वलं या वासानं वेडी होतात. कुणी लावलं हे?"

"मी," उल्याना म्हणाली. "पण माझ्या मनानं नाही. वसंतात संस्थेतून कुणीतरी रेडिओवर सांगितलं, खांब कुजेल, डांबर फासा. त्याचा घसा बसलेला होता, मला नीट ऐकूसुद्धा..."

तिखोन डोंगराकडे बघू लागला.

"मला तेव्हा सर्दी झाली होती," तो म्हणाला.

परतताना सगळ्या वाटेवर दोघं हसत होती. पण पायवाटेशी आल्यावर एकदम ध्यानात आलं की हात अजून हातात आहेत. दोघांनी ते घाईनं सोडले.

"तुम्ही पुढे व्हा," उल्याना म्हणाली.

"नाही, तुम्ही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं वर सरकू लागलं. दरी वाचली होती. उल्यानाला आनंद झाला होता, नक्कीच झाला होता. तरी नाश्त्याला न थांबता ती शेगडीकडे निघून गेली. चौकीत रेडिओवर तो आता अहवाल देणार, मग सामान बांधणार. ते बघायला ती थांबणार नव्हती. फक्त कमरेला तिचा छोटा रेडिओ होता. अस्वलांच्या मुलखात तो क्षणभरही बंद ठेवायचा नाही असा नियम, त्यामुळे ऐकण्यावाचून सुटका नव्हती.

"झिनाईदा अर्काद्येव्ना, थरथरीचं कारण मिळालं," तिखोनचा आवाज आला. "अस्वल."

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

"अस्वल. पाठ घासतं."

"नर का मादी?" एका म्हाताऱ्या आवाजानं विचारलं. तो सरोवराकाठच्या चौकीतला रक्षक. रेडिओवर सगळ्या चौक्या सगळं ऐकत.

"सरोवर चौकी, मध्ये बोलू नका," बाई म्हणाल्या. "ठीक आहे, तिखोन ल्वोविच. हवा उघडतेय. पहिल्या हेलिकॉप्टरनं निघा."

"मी... थोडे दिवस थांबावं म्हणतो."

"कशाला?"

"शेगडीचं तापमान बघायला हवं."

"तिथं यंत्र आहे. ते आपोआप कळवतं."

"ते बरोबर कळवतंय की नाही..."

"बरोबर कळवतंय असं तुम्हीच काल सांगितलंत."

"अस्वलावर लक्ष ठेवायला हवं."

"ते वनरक्षकांचं काम. तुमची बॅटरी संपत आलीय. खरं कारण सांगा."

उल्यानानं कमरेच्या रेडिओचा आवाज वाढवला.

"उल्याना मात्वेयेव्ना," तो म्हणाला. "कारण त्या आहेत."

उल्याना ओल्या फळीवर मटकन बसली.

"हे आधी बोलला असतात तर बॅटरी वाचली असती," झिनाईदा अर्काद्येव्ना म्हणाल्या. "त्यांना विचारलंत?"

"नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"मला वाटतं... नाही."

"आता आहे," सरोवर चौकी म्हणाली. "रेडिओ तिच्या कमरेला असतो."

चौकीचं दार आपटल्याचा आवाज दरीत घुमला. मग धुक्यातून फटक-फटक बूट धावत आले, आणि तिच्यासमोर येऊन थांबले. तो धापा टाकत होता. शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती.

"तुम्ही ऐकलंत?"

"सगळ्या कामचात्कानं ऐकलं."

त्यानं तोंड उघडलं आणि नेमकी शेगडी उडाली. घोंघावत, थुईथुई, उकळत्या पाण्याचे झोत फेकत. दोघं मुकाट उभी राहिली, मोठं माणूस बोलत असताना थांबावं तशी. पाणी खाली बसलं तेव्हा तिनंच सुरुवात केली.

"मी इथं नुसती उन्हाळ्यापुरती नसते. छपरापर्यंत बर्फ चढतो तेव्हाही इथंच असते. लोक येतात, त्यांना वाफ आवडते, धुकं आवडतं... हवा उघडली की निघून जातात. तुम्हीही जाल."

"जाईन," तो म्हणाला. तिला वाटलं होतं नाही म्हणेल. "हिवाळ्यात आकडे शहरात बसूनच जुळवावे लागतात. तुम्हाला इथून हलवून कचेरीत बसवायला मी यायचो नाही, आणि मला इथं कोंडून ठेवलंत तर मी दुसराही बूट घालवीन. पण बर्फ वितळला की येईन, दर वर्षी. आणि मधल्या सगळ्या सकाळी रेडिओवर मीच असेन. वाईट करार आहे. यापेक्षा चांगला माझ्याकडे नाही."

उल्यानाच्या मनात आलं, खोटं बोलला असता तर नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं.

"चौकी, काय झालं?" कमरेवरून झिनाईदा अर्काद्येव्नांचा आवाज आला. "आम्ही सगळे थांबलोय."

उल्यानानं रेडिओ ओठांशी नेला. "उल्याना बोलतेय. विचारलं यानं."

"मग?"

"राहू द्या त्याला."

"'त्याला' म्हणाली," सरोवर चौकी पुटपुटली. "ऐकलंत का, 'त्याला' म्हणाली."

तिखोन एक पाऊल पुढे आला. या खेपेला अगदी नीट, पायवाटेच्या मधोमध.

"उल्याना," तो म्हणाला. नुसतंच, पुढचं काही न जोडता.

रेडिओवर कुणीतरी खाकरलं. उल्यानानं आजवर एकदाही नियम मोडला नव्हता. तिनं बटण फिरवलं आणि रेडिओ बंद केला.