सदतीस टक्के

आमची गाडी दोन दगडांवर पाय ठेवून चालते आणि तरी पडत नाही. तिला पेट्रोलचं इंजिन आहे आणि घरच्या प्लगवर चार्ज होणारी बॅटरीही. बॅटरी भरलेली असली की पन्नासेक किलोमीटर ती आवाज न करता जाते. ती संपली की इंजिन आपोआप सुरू होतं आणि पायाखाली बारीक थरथर जाणवते. कुठे अडकून पडायची भीती नाही. जुनी गाडी घेताना मी एवढंच पाहिलं होतं, कारण आईचं हॉस्पिटल घरापासून अठरा किलोमीटरवर होतं आणि आठवड्यातून तीनदा तिथे जाण्याला पर्याय नव्हता.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसातला तिचं डायलिसिस असे. चार तास ती नळ्या लावून पडून राही. "तुझी गाडी आणि मी, दोघी प्लगवर," ती म्हणायची. "फरक इतकाच, की तिला सुया टोचत नाहीत." चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायचं नाही आणि स्वतःचं दुखणं लांबवायचं नाही, हे तिचे दोन नियम. किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव तीन वर्षांपासून होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तिच्या हृदयाला आता फार दिवस हे झेपणार नाही.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तीनदा मोजल्याशिवाय आकड्याखाली सही करायची नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून गाडीचं चार्जिंग पहिल्यांदा शंभरऐवजी चौऱ्याहत्तर टक्क्यांवर थांबलं, तेव्हा मी काही ठरवलं नाही. वायर काढून परत लावली. चार्जिंगचा हिरवा दिवा लागला नाही. हॉस्पिटलला जाऊन आलो आणि घराच्या फाटकात वळताना टक्केवारी शून्य झाली. इंजिन सुरू झालं आणि मी गाडी बंद केली.

दुसऱ्यांदा चौऱ्याहत्तर. तिसऱ्यांदा एकोणऐंशी, आणि त्या दिवशी पुलाजवळ कुणाचा तरी ट्रक आडवा झाला होता. पाऊण तास आम्ही एसी लावून उभ्या होतो. फाटकात शून्य.

मी सावकाशरावांना बोलावलं.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत ते सर्वांत जाणते आणि सर्वांत संथ, म्हणून गिऱ्हाइकांनीच ते ठेवलेलं. साठीचे, कृश, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. सीट उचलून त्यांनी नारिंगी रंगाचा सुरक्षेचा प्लग उपसला, खिशात ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. दहा मिनिटं. आतली वीज निवू दे."

दहा मिनिटं ते खरंच नुसते बसले. मग जाड रबरी हातमोजे चढवले, डावा हात पाठीमागे नेला आणि फक्त उजव्या हातानं काम केलं. दोन्ही हात लावले तर वीज एका हातातून शिरून काळजावरून दुसऱ्यात जाते, म्हणून. विजेच्या कामाच्या चाळीस वर्षांत एकदाही हा नियम मोडलेला नाही, असं त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं. माणसाला काम करताना बघून मान झुकवावीशी मला फार कमी वेळा वाटलीय.

त्यांनी घराचं अर्थिंग तपासलं, वायर तपासली, गाडीतला चार्जर उघडला. बॅटरीच्या शहाण्णव सेलचा विजेचा दाब एकेक करून वाचला. सगळे सेल एका माळेतल्या मण्यांसारखे सारखे होते. संध्याकाळ झाली.

"बिघाड नाही," ते म्हणाले.

"पण शंभरला जात नाही."

"जात नाही खरं. पण बिघाडही नाही. नसलेला बिघाड काढायला मला येत नाही, ताई." त्यांनी हातमोजे काढले. "तुम्ही आकडे लिहून ठेवा. गाडी काहीतरी नेमानं करतेय."

मी लिहून ठेवले. एकटी गेले तर हॉस्पिटलपर्यंत छत्तीस टक्के लागत. आई बरोबर असली की तिच्या वजनाचा एक वाढे, सदतीस. दोघी जाऊन येऊन चौऱ्याहत्तर. एकटी जाऊन येऊन बहात्तर. रात्रभर वायर लावलेली असे आणि पुढच्या फेरीला जेवढं लागणार तेवढंच गाडी घेई. थेंबभर कमी नाही, थेंबभर जास्त नाही. फेरी कुठली हे मी तिला सांगत नव्हते. कधीकधी मला स्वतःलाही ते ठाऊक नसे.

म्हणून एका रविवारी चिठ्ठ्या केल्या. प्रयोगशाळा, ग्रंथालय, बहिणीचं घर आणि 'कुठेच नाही'. चार्जिंग थांबल्यावर आकडा लिहायचा आणि मगच चिठ्ठी उचलायची. आकडा आला चोवीस. आईनं डोळे मिटून चिठ्ठी काढली. प्रयोगशाळा. सहा किलोमीटर जायला, सहा यायला, चोवीस. पुढच्या रविवारी छत्तीस आणि बहिणीचं घर. तिसऱ्या रविवारी हिरवा दिवा लागलाच नाही. आईनं चिठ्ठी उलगडली आणि हसली.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "चला, पाय पसरून बसू."

मी हसले नाही. चौथ्यांदा मी मुद्दाम गाडीला खोटं पाडायला निघाले, आकड्याच्या दुप्पट लांब. अर्ध्या वाटेत आईजवळ बसलेल्या बहिणीचा फोन आला, आईला चक्कर येतेय. गाडी वळवली. फाटकात शून्य.

आईला याची भीती वाटत नव्हती. ती जाता-येता गाडीच्या बॉनेटवर हात टेकायची, जसा एखाद्या कामसू सहकारिणीच्या खांद्यावर टेकावा. "एक्स्चेंजमध्ये एक बाई होती," ती म्हणाली. "कुणाचा फोन किती मिनिटं चालणार ते आवाजावरून ओळखायची. आम्ही तिला कधी विचारलं नाही कसं ओळखतेस म्हणून. काम चोख होतं ना, बास."

खरं सांगायचं तर मलाही गाडीचं कौतुकच वाटू लागलं होतं. इतकं नेमकं मोजमाप मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याच यंत्राला असलं काही जमलं नसतं.

मग तो गुरुवार आला.

सकाळी सहाला मी वायर काढायला गेले. हवेत गारवा होता आणि चार्जरचा पंखा केव्हाच थांबलेला होता. काचेमागे आकडा दिसत होता.

सदतीस.

मी वायर परत लावली. दिवा लागला नाही. दुसऱ्या प्लगवर लावून पाहिली, तिथेही नाही. दोघींना हॉस्पिटलपर्यंत जायला सदतीस. यायला काहीच नाही.

मी सावकाशरावांना फोन केला. ते वीस मिनिटांत आले, तेही शर्टाचं वरचं बटण न लावता.

"काहीही करा, पण पूर्ण भरून द्या," मी म्हणाले.

त्यांनी स्वतःचा चार्जर आणला होता. जोडला. आत कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि संपर्क सुटला. पुन्हा जोडला, पुन्हा टक्. पाचव्यांदा त्यांनी हात खाली घेतला.

"ती घेत नाहीये, ताई."

"मग आज नेतच नाही मी आईला."

"न नेऊन चालेल?"

चालणार नव्हतं. दोन दिवसांपूर्वीच तिच्या पायांवर सूज होती. रात्री ती उशीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. न नेणं हा उपाय नव्हता, हे मला कळत होतं, आणि तरी माझा हात गाडीच्या दाराकडे जात नव्हता.

"टाकीत पेट्रोल किती?" त्यांनी विचारलं.

"भरलेली आहे."

"मग परत यायला गाडी आहे. आकडा काय म्हणतो ते आपल्याला वाचता येतं असं वाटतंय, पण दोनच महिने झालेत वाचायला लागून. चाळीस वर्षांत माझंही वाचणं कितीदा चुकलंय."

दारात आई उभी होती, हाताखाली उशी घेऊन. "अगं, निघायचं ना? सावकाशराव, तुम्ही इतक्या लवकर? आज सूर्य कुठून उगवला?"

"तुम्हाला बघायला आलो, मावशी."

"बघा, बघून घ्या," आई म्हणाली आणि नेहमीसारखी मागच्या सीटवर बसली. सुया टोचायचा हात तिनं उशीवर ठेवला.

मी फार हळू गाडी चालवली. उतारावर पाय उचलून धरला म्हणजे चाकं फिरता फिरता बॅटरीत थोडी वीज परत जाते. एक टक्का तरी उरवायचा होता मला. एक टक्का उरला असता तर आकडा खोटा ठरला असता.

बारा उरले. सात उरले.

आरशात मी आईकडे बघत होते. ती खिडकीबाहेर बघत होती.

तीन.

शेवटचा सिग्नल हिरवा मिळाला. दोन.

हॉस्पिटलच्या कमानीखाली वळताना शून्य झालं आणि पायाखालून थरथर आली.

डायलिसिस विभागाच्या दारातच परिचारिका धावत आली. "तुम्हाला किती फोन केले! उचलतच नव्हतात."

माझा फोन घरीच राहिला होता, सावकाशरावांना लावून चार्जरच्या शेजारी ठेवलेला.

"किडनी मिळालीय," ती म्हणाली. "जुळतेय. आईंना आता घरी जायचं नाही, थेट वर."

मी भिंतीला टेकले. आई मात्र तिथेच उभी राहिली, उशी छातीशी धरून.

"कुणाची?" तिनं विचारलं.

"ते आम्ही सांगत नसतो, आजी. काल संध्याकाळचा अपघात. घरच्यांनी होकार दिला."

"काल संध्याकाळी," आई म्हणाली. "आणि रात्रीत होकार." तिनं परिचारिकेचा हात धरला. "अशा घरात कसली माणसं राहत असतील गं? ज्यांच्यावर आभाळ कोसळलं, त्यांनी त्याच रात्री माझ्यासारखीचा विचार करायचा."

त्या घराचा विचार माझ्याही मनातून पुढे कधी गेला नाही. मी इतकं मोठं काही कुणासाठी करू शकले असते का, याचं उत्तर मला तीनदा मोजूनही मिळालेलं नाही.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. मी हॉस्पिटलमध्येच थांबले आणि तिसऱ्या दिवशीच पेट्रोलवर घरी आले. त्याच दिवशी आईच्या नव्या किडनीनं नीट काम सुरू केलं, आणि डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याशी बाजूला न घेता बोलले. मी सावकाशरावांना कळवलं.  ते म्हणाले, "बघा, वाचणं चुकलं होतं. आकडा बरोबर होता." 

पुढचे दिवस मी एकटी जाऊन येऊन करत होते आणि रोज बहात्तर भरत होते. अडीच आठवड्यांनी, एका रविवारी, आईला घरी सोडणार होते. मी आदल्या संध्याकाळीच हिशेब मांडला. जाताना एकटी, छत्तीस. येताना दोघी, सदतीस. त्र्याहत्तर.

सकाळी आकडा चौऱ्याहत्तर होता.

एक टक्का म्हणजे मोजमापातली चूक. प्रयोगशाळेत आम्ही त्याच्यासाठी दुसऱ्यांदा मानही वळवत नाही. मी वायर गुंडाळून ठेवली आणि निघाले. रस्ते मोकळे होते, ऊन कोवळं होतं. हॉस्पिटलच्या कमानीखाली अडतीस उरले होते. जाताना छत्तीस लागले होते, नेहमीइतकेच. म्हणजे जास्तीचा एक येतानासाठी होता.

आई चाकांच्या खुर्चीतून बाहेर आली. गालांवर रंग होता. मी तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं, उशी नीट ठेवली.

"आज पुढे बसते," ती म्हणाली.

"मागे ऐसपैस बसली असतीस."

"पुढेच बरं."

पिशव्या मी डिकीत टाकल्या. आईनं सीटखाली हात घालून दांडी ओढली आणि सीट दोन खाचा पुढे घेतली. आई बुटकी आहे. तिच्या गुडघ्यांपुढे आता वीतभर जागा उरली होती, आणि मागच्या सीटपुढे ऐसपैस झालं होतं. मी बघितलं, पण विचारलं नाही.   गाडी जरा जड वाटत होती. मी आकड्याकडे बघायचं टाळत होते.

घराच्या फाटकात वळताना शून्य झालं. इंजिन सुरू झालं, मी बंद केलं. 

आई सावकाश उतरली, टाके सांभाळत. घराकडे गेली नाही. तिनं मागचं दार उघडलं, एक पाऊल बाजूला सरली आणि दार धरून उभी राहिली.

माणसाला उतरायला लागतो तेवढाच वेळ.

मग तिनं ते हलकेच लावलं.