तिसरा गुडघा

"ताई, माणसाला गुडघे किती असतात?"

धाकट्यानं हे विचारलं तेव्हा ताई बशीत चहा ओतत होती. प्रश्न काही अवघड नव्हता, पण ताईची बशी अशी कलंडली की अर्धा चहा पदरावर गेला... कारण धाकट्याच्या मागे दारात थोरलाही उभा होता. थोरला आणि धाकटा, एका वेळी, एका खोलीत... हे बघायला ताईचे डोळे किती वर्षं आसुसले होते, आणि दिसलं ते हे असं.

"दोन," ताई म्हणाली.

"एक डावा, एक उजवा. दोन्हींची ऑपरेशनं झाली. मग गेल्या आठवड्यात माझ्याकडून ऑपरेशनला पैसे मागितलेस, ते कुठल्या गुडघ्याचे?"

थोरला दारातून म्हणाला, "ताई, त्याला सांग, डाव्याचे पैसे मी दिले होते. उजव्याचेही मीच."

"ह्याला सांग," धाकटा म्हणाला, "दोन्हींचे मीसुद्धा दिलेत."

दोघांमध्ये हातभर अंतर होतं. तरी निरोप ताईमार्फतच चालले होते. ताईनं सवयीनं एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवली आणि मग तिच्या लक्षात आलं की आज निरोप पोचवायची गरज नाही, आज तीच आरोपी आहे.

बिंग फुटलं होतं गच्चीवर. दोघी जावा कपडे वाळत घालता घालता नणंदेसाठी कुणी जास्त झिजलं ह्यावरून भिडल्या. ही म्हणे आम्ही डावा केला, ती म्हणे छे, डावा आमचा. चादरी तशाच टाकून दोघी खाली पळाल्या. आता आठवून बघितलं तर सगळंच संशयास्पद होतं. ऑपरेशन झालं की ताई दोन दिवस शेजारच्या शिंपिणीकडे राहायची, परत यायची ती जाडी होऊन, आणि टाके दाखव म्हटलं की म्हणायची, आता दुर्बिणीतून करतात, टाकेबिके काही नसतात. शिवाय ही गुडघेदुखीची बाई जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची.

"पैसे कुठे गेले, ताई?" थोरल्यानं विचारलं. "आई-बाबांच्या मागं तू आम्हाला वाढवलंस. तू मागितलं असतं तर काळीज काढून दिलं असतं. पण खोटं..."

ताईच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तिनं ते चहाबरोबर गिळलं.

आता हे दोघं बोलत का नाहीत, तेही ऐका. घर एक, रस्त्याच्या बाजूला शटरं दोन. डाव्या शटरमध्ये थोरल्याचं नव्या सामानाचं दुकान... फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, सगळं हप्त्यावर. उजव्यात धाकट्याचं दुरुस्तीचं. दोन्हींच्या मागे मधोमध ताईची खोली. एकदा एक गिऱ्हाईक थोरल्याकडे नवा फ्रिज बघत उभं असताना धाकटा पलीकडून ओरडला, "काका, जुनाच आणा, चालू करून देतो." काकांनी जुनाच आणला. त्या दिवसापासून दोघा सख्ख्या भावांचं बोलणं बंद.

आणि ह्या भांडणात तेल ओतायला होता मोठा साहेब. म्हणजे मध्यवर्ती बँकेचा, सगळ्या बँका ज्याच्या तोंडाकडे बघतात तो. महागाई फार चढली की तो टीव्हीवर येऊन गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, व्याजदर वाढवले. झालं. हप्ते चढायचे, नवं घ्यायला कुणी फिरकायचं नाही, थोरला फ्रिजांवरची धूळ पुसत बसायचा, आणि वर त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या कर्जाचा हप्ताही फुगायचा. तेव्हा लोक माळ्यावरचं जुनं खाली काढायचे आणि धाकट्याच्या दारात रांग लागायची. मग वर्षा-दोन वर्षांत सगळीकडे मंदी आली, माणसं कामावरून सुटायला लागली, की तोच साहेब तोच चेहरा घेऊन यायचा आणि दर उतरवायचा. लोकांचे हात हळूहळू मोकळे व्हायचे, नवे फ्रिज गाडीवर चढायचे, आणि धाकट्याकडे माशी फिरकायची नाही. साहेबाला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता की त्यानं मान हलवली की इकडे एका भावाच्या घरी नवे पडदे लागतात आणि दुसऱ्याच्या घरी चहा पातळ होतो.

त्यात पावतीचं वेगळंच. थोरला पावती फाडायचा, कर भरायचा आणि शटर लावताना भिंतीला ऐकवायचा, "रस्त्यावरचा दिवा आमच्या पैशानं लागतो, आणि त्याच्या उजेडात फुकटे दुरुस्त्या करतात." धाकटा भिंतीलाच उत्तर द्यायचा, "मग दिव्याला घरी घेऊन जा." पण पावती न फाडायचंही मोल होतंच. तेजीत काम आटलं तेव्हा धाकटा कर्ज मागायला बँकेत गेला. तिथल्या बाईनं विचारलं, उत्पन्न किती? हा म्हणाला, बरं चाललंय. बाई म्हणाली, कुठे दिसत नाही. आणि खरंच, ते कुठेच दिसत नव्हतं. आयुष्यभर राबलेला माणूस, पण कागदावर जन्मालाच आला नव्हता.

अशा दोघांच्या मध्ये ताई. तिला एका घड्याळवाल्यानं मागणी घातली होती. ती म्हणाली, आधी ही दोन कार्टी मार्गी लागू देत, थांबाल का? तो भला माणूस थांबला. सहा महिने. ताईनं डोळे पुसले आणि कार्टी मार्गी लावायला घेतली, ती अजून लागतायत.

तिनं काय केलं, तर ज्याचं चालायचं त्याच्यापुढे गुडघा धरून कण्हायचं, पैसे घ्यायचे, आणि ज्याचं बसलंय त्याला पोचवायचे. हातात द्यायची सोय नव्हती, भावाचे पैसे म्हटल्यावर दोघांनीही ते गटारात फेकले असते. म्हणून तिची एक रीत होती, ती फक्त शिंपिणीला ठाऊक. आणि आता खरं सांगायचं म्हणजे दोघांच्या तोंडावर सांगायचं की बाबांनो, तुम्ही ज्या पायांवर उभे आहात ते तुमचे नाहीत. दोघांनाही एकाच गोष्टीचा अभिमान, कुणाच्या उपकाराशिवाय तरलो. तो काढून घ्यायचा? छे. त्यापेक्षा...

"खाल्ले मी," ताई म्हणाली. "जीभ चटावली होती."

थोरल्यानं डोळ्यांवर हात ठेवला. धाकट्याचा राग नाकावरच असायचा, तो म्हणाला, "मग ह्या खोलीत मधोमध भिंत घाला. अर्धी ह्याची, अर्धी माझी. हिनं मावसबहिणीकडे जावं. ह्याला विचार, चालेल का?"

"त्याला सांग," थोरला म्हणाला, "चालेल."

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं पिशवी भरली. दोन साड्या, एक शाल, आई-बाबांचा फोटो. गवंडी दुपारी यायचा होता म्हणून दोघं खोली रिकामी करायला आले. ताईची खाट लोखंडी, जुनी, हत्तीसारखी. थोरल्यानं एकट्यानं ओढली, हलली नाही. धाकट्यानं पलीकडून एकट्यानं ढकलली, तरीही नाही. मग दोघं एकमेकांकडे न बघता दोन टोकांना वाकले आणि कशीबशी ती अंगणात काढली. ताई "राहू दे, राहू दे" म्हणत मागे धावली, पण उशीर झाला होता.

खाटेखाली, चादरीच्या झालरीआड, जे होतं ते आता उघड्यावर होतं. मिक्सर. टेबलफॅन. इस्त्र्या. एक टोस्टर, ज्यात आजवर पाव गेला नव्हता. सगळं ओळीनं पुसून ठेवलेलं.

थोरला वाकला. "हा फॅन मी विकलाय. शिंपिणीच्या बहिणीला."

धाकट्यानं तो उचलून उलटा केला. "ह्याची मोटर मी भरलीय. शिंपिणीच्या बहिणीनंच आणला होता. ती उंच."

"माझ्याकडची बुटकी होती."

"तिला बहिणी आहेत तरी किती?"

"माझ्याकडे चार येऊन गेल्या."

"माझ्याकडे पाच."

ताईनं श्वास रोखला. झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून रोखतात तसा. दोघं बोलत होते, तिच्याशिवाय, आणि दोघांनाही ते कळलं नव्हतं.

"माल कसला विकतोस पण," धाकटा मिक्सरचा तळ खोलत म्हणाला. "तुझ्याकडचं जे येतं त्यात आतून शॉर्ट."

"माझ्याकडून जाताना उत्तम जातं. तू हात लावलास की बिघडतं."

"मी? हे बघ. प्रत्येक मशीनमध्ये हेच सापडतं." धाकट्यानं आतून केसांचा वाकडा आकडा ओढून काढला. "मला वाटायचं कंपनीच घालते."

थोरल्यानं आकड्याकडे बघितलं. मग दोघांनी मिळून, अगदी हळू, ताईकडे बघितलं. ताईच्या अंबाड्यात आकड्याच्या जागी पेन्सिल खोचलेली होती.

"हे काय आहे, ताई?"

ताईनं अंबाड्यावर पदर ओढून घेतला. तेवढ्यात कुंपणावरून शिंपीण आत आली. गळ्यात मापाची टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून तिनं हातात घेतल्या, म्हणजे आता ती बरंच बोलणार होती.

"मी सांगते. कंटाळा आला मला बहिणी जमवून. ह्या थोरल्याचं बसलं की धाकट्याचे पैसे घेऊन आम्ही ह्याच्याकडून मिक्सर घ्यायचा. धाकट्याचं बसलं की त्यातच आकडा घालून, थोरल्याचे पैसे घेऊन त्याच्याकडे दुरुस्तीला न्यायचा. मिक्सर तोच, पैसे तेवढे फिरतात. माझ्या घरात वॉशिंग मशीन आहे, त्यावर मी कापड बेतते. आजवर त्यात रुमाल धुतला नाही, डाग पडला तर ही मला खाईल."

"गप गं," ताई म्हणाली, पण आवाज फुटला तो रडण्याचा.

थोरला जमिनीवरच फतकल मारून बसला. "म्हणजे गेल्या वेळी मी तरलो ते... मी सगळ्यांना सांगत फिरलो, मी हसून बोलतो म्हणून गिऱ्हाईक टिकतं."

"हसतोस छान," ताई म्हणाली.

"ताई, आम्ही तुला घालवून द्यायला निघालो होतो. तू म्हणालीस खाल्ले. का म्हणालीस?"

"सांगितलं असतं तर घेतले असतेस का? ह्याचे पैसे? आणि हा घेणार होता तुझे?"

धाकटा मिक्सरचा स्क्रू उगाच घट्ट करत बसला, आधीच घट्ट असलेला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्याला राग येत होता.

"आणि गेल्या आठवड्यात?" तो खाली बघूनच म्हणाला. "तेव्हा कुठला गुडघा होता?"

ताईनं थोरल्याकडे बघितलं. थोरल्यानं मान फिरवली.

"व्याजदर परत चढलेत," ती म्हणाली. "हप्ता थकलाय ह्याचा. बँकेचे दोघं जण येऊन दुकान बघून गेले, हा कुणाला बोलला नाही. शटर लावून आत एकटा बसला होता. मी मागच्या खिडकीतून बघितलं... गुडघे टेकायच्या बेतात होता रे तो. तो तिसरा गुडघा ह्याचा."

शिंपिणीनं टाचण्या परत तोंडात धरल्या.

धाकटा उठला. थोरल्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि ताईकडे न बघता, सरळ त्याच्याच तोंडाकडे बघून म्हणाला, "किती अडलंय?"

थोरल्यानं आकडा सांगितला. जमिनीला सांगितला, पण सांगितला.

"देतो," धाकटा म्हणाला. "पण पावती पाहिजे."

थोरला आधी चमकला, मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो हमसून रडायलाच लागला. "फुकट्या... तू स्वतः आयुष्यात एक पावती फाडलीस का?"

"शिकव मग. मलाही बँकेत दिसायचंय एकदा."

"शिकवतो. कर भरावा लागेल."

"बघू."

"बघू नाही. भरावा लागेल."

"आधी हप्ता भर, मग मला शिकव."

ताईला आता उभं राहवेना. ती अंगणात जाऊन खाटेवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि रडली. इतकी वर्षं साठवलेलं सगळं वाहत होतं, पदर ओला, शालही ओली, आणि शिंपिणीनं पुढे केलेलं अस्तराचं कापडही ओलं. थोरला पाय धरायला वाकला तर धाकटाही वाकला, दोघांची डोकी आपटली. "आंधळा आहेस का?" "तू मध्ये आलास." थोरल्यानं कपाळ चोळत शिंपिणीला सांगितलं की गवंड्याला जाऊन सांगा, भिंत नको. मग ताईला म्हणाला, "उठ, खाट आत घेतो."

"नाही उठत," ताई म्हणाली. तिला रुसायला आज पहिल्यांदा सवड मिळाली होती.

दोघांनी दोन टोकं धरली आणि ताईसकट खाट उचलली.

"अरे, पडेन," ताई म्हणाली. "लोक काय म्हणतील, जिवंत आहे मी."

"गप्प बस," दोघं म्हणाले.

दारापर्यंत गेले आणि अडकले. थोरला उलटा चालत होता, त्याला मागचं दिसेना.

"डावीकडे घे," धाकटा म्हणाला.

"तुझी डावी का माझी?"

"माझी. तुझी उजवी."

"मग उजवी म्हण ना."

"पाय कसा निघणार असा? तुझं टोक वर घे आधी."

"वरच आहे. तू दाबतोयस."

"मी कशाला दाबू? मागे उंबरा आहे, बघ."

"बघतोय."

"बघत असतास तर अडकला असतास का?"

खाट निम्मी आत, निम्मी बाहेर, जागच्या जागी रुतली होती. मधे ताई. वाटलं असतं तर खाली उतरून तिनं दोन शब्दांत सांगितलं असतं, की तिरकी करा, लगेच निघेल, आजवर ह्यांचं अडलेलं सगळं तीच तर सोडवत आली होती. पण तिनं पिशवी उशाला घेतली, पाय लांब केले आणि डोळे मिटून दोघांचं भांडण ऐकत पडून राहिली.