बरगड्यांवरचा आवाज

ग्लाशामावशीची चोरीला गेलेली तबकडी बाजारात विकली असती, तर झोराला दीड रुबल मिळाला असता. कपितोलिना मार्कोव्हनाला संध्याकाळची शांतता फुकटात मिळाली असती. आणि तायसियाला? काहीच नाही. तिच्याकडे ग्रामोफोनसुद्धा नव्हता.

मावशीच्या तिन्ही शेजाऱ्यांचा हा हिशेब लुक्यानने मांडला आणि स्वतःवर खूश होऊन चहात साखरेचा तिसरा खडा टाकला. "झोराच. दुसरं कोण?"

"बुद्धिबळातही तू असाच. घोडा मारायला धावतोस आणि वजीर घालवून बसतोस," वेनेदिक्त साव्विच म्हणाला.

वेनेदिक्त कोर्टातला निवृत्त कारकून. ज्या गोष्टी पोलिसांना सांगता येत नाहीत, त्या सांगायला लेनिनग्रादचं अख्खं वासिलेव्स्की बेट त्याच्याकडे येई. ही त्यातलीच. एक्स-रेच्या फिल्मवर चोरून कोरलेली तबकडी बाळगणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं.

ग्लाशामावशीच्या तबकडीवर तिच्या नवऱ्याचा आवाज होता. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मात्वेई सुताराच्या हातात त्याच्या छातीचा एक्स-रे ठेवला, तेव्हा तो घरी न येता थेट तबकड्या कोरणाऱ्याकडे गेला आणि त्याच फिल्मवर एक गाणं म्हणून आला. पुढचा वसंत त्याने पाहिला नाही. त्याचा आवाज मात्र त्याच्याच बरगड्यांवर फिरत राहिला, रोज संध्याकाळी सातला.

"शनिवारी मी नव्या घरात जायची," समोर बसलेली ग्लाशामावशी म्हणाली. "स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी. पण त्याच्याशिवाय तिथे काय करू, साव्विच? भिंती मोजत बसू?"

तबकडी गेली बारा एप्रिलला. माणूस अवकाशात पोचला असं सकाळी रेडिओ बोलला आणि सगळं लेनिनग्राद वर बघत रस्त्यावर आलं. मावशीचं चार बिऱ्हाडांचं सामायिक घर मिनिटात ओस पडलं. कुलूप लावायची शुद्ध कुणाला!

वेनेदिक्त आणि लुक्यान तिथे निघाले तेव्हा नेव्हा नदीतून लादोगा सरोवराचा बर्फ वाहत होता, झोपेत कूस बदलावी तसा, सावकाश. घरातल्या पॅसेजला खिडकी नव्हती. ग्लाशामावशीचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं आणि लुक्यानचं नाक थोडक्यात वाचलं.

खोली म्हणजे जुन्या नाचदालनाचा तुकडा. छतावरच्या प्लास्टरच्या देवदूताचे पंख इकडे, पाय फळ्यांच्या भिंतीपलीकडे तायसियाकडे. त्या भिंतीवर गालिचा टांगलेला.

"तायसिया खोकली की माझी उशी हलते," मावशी म्हणाली.

झोरा स्वयंपाकघरात सापडला. "तबकड्या विकतो, कबूल. पण हिला गिऱ्हाईक कोण, वेन्याकाका? लोकांना जाझ हवं, खोकणारा सुतार नको."

"त्या सकाळी घरातून शेवटी कोण निघालं?"

"मी आणि मावशी. मी सगळी दारं बडवली, कुणी ओ दिली नाही. मावशीला हाताला धरून बाहेर काढली आणि तिचं दार ढकललं, तेवढ्यात माझी सायकल त्याच्यासमोर आडवी झाली. म्हटलं, पडू दे. असा दिवस पुन्हा येणाराय का?"

"मेली ती सायकल!" कपितोलिना मार्कोव्हनाने गुडघा दाखवला. "परतले ती पहिली मी. मावशी पाठोपाठच. दोघींनी मिळून उचलली."

"पॅसेजमध्ये दिवा नव्हता?"

"इथे ज्याचा त्याचा दिवा वेगळा, बटण ज्याच्या त्याच्या खोलीत. आल्या आल्या मी चारही बल्बना हात लावून बघते, कोण वीज जाळून गेलंय ते. त्या दिवशी चारही गार."

तायसिया टायपिस्ट. ती खिडकीबाहेर बघत बोलली. "मी नदीवर होते. लोक स्वप्नात चालल्यासारखे चालत होते. संध्याकाळी आले."

"हिला सोड," लुक्यान कुजबुजला. "हिच्याकडे ग्रामोफोन कुठाय?"

वेनेदिक्तने सगळ्यांना मावशीच्या खोलीत बोलावलं.

"चोर पॅसेजमधून आलाच नाही. बाहेर उघडणाऱ्या दारासमोर सायकल आडवी. ती अंधारात उचलायची, चोरी करायची आणि पुन्हा तशीच ठेवायची? त्याला दिवा लागला असता, आणि दिवे गार होते. आणि बाहेरून पहिली परतली ती कपितोलिना. म्हणजे घरात आधीपासूनच कुणीतरी होतं, झोराला ओ न देणारं." त्याने गालिचा बाजूला केला. मागे फळ्यांत एक अरुंद दार होतं. खिळे नुकतेच उपटलेले. पलीकडे देवदूताचे पाय.

"पण ग्रामोफोन!" लुक्यान ओरडला.

"कुणाला काय मिळणार ते तू मोजलंस, मित्रा. शनिवारपासून कुणाचं काय जाणार ते मोजलं नाहीस. अकरा वर्षं रोज सातला ते गाणं या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघी ऐकत होत्या."

तायसियाने कोटाच्या आतून तबकडी काढली.

"वाजवता येत नाही, मग केलंस काय हिचं?" मावशीने विचारलं.

"खिडकीशी धरून बघितली. बरगड्या दिसतात."

मावशीने सुई ठेवली. वाळू घसरावी तशी खरखर आली. नुसती खरखर.

"दोन वर्षं झाली," मावशी हळूच म्हणाली. "फिल्म झिजली. सुरुवातीचे चार शब्द तेवढे मला आठवतात. बाकी अशीच बसते."

तायसिया त्या खरखरीवर गाऊ लागली. मात्वेई जिथे श्वास घ्यायचा तिथे तिने श्वास घेतला, जिथे खोकायचा तिथे थांबली. मावशीने डोळे मिटले. मग उघडले ते रागाने.

"नवरा माझा होता."

"हो, मावशी."

"मग थांबलीस कशाला? पुढचं कडवं म्हण."

शनिवारी ग्लाशामावशी नव्या घरात गेली. दर रविवारी दोन ट्राम बदलून तायसिया तिच्याकडे जाऊ लागली. ट्रामचं भाडं तायसियाने भरलं. मावशीने त्याहून पुष्कळ जास्त भरलं: स्वतःचा नवरा तिला आता दुसरीच्या तोंडून ऐकावा लागत होता.